घरभर दीप्ती

रिक्षा दुकानासमोर थांबली आणि मी पहिली परात खाली उतरवली, ती अशी आदळली की समोरचा पानवाला दचकला.

“बर्री, बर्री... या!” काउंटरमागून आवाज आला. “रुखवताची भांडी काय हो? सावकाश... पोचा पडंल की!”

“पडू दे,” मी म्हणाले.

बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती. ओढणी डोक्याला चिकटलेली, नाकावर पाण्याचा थेंब, आणि डोकं असं तापलेलं की त्यावर चहा उकळला असता. निपाणीच्या बाजारपेठेतलं ते भांड्यांचं दुकान. आवाज देणारा तो तरुण काउंटरमागच्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसला होता आणि कुणाच्या तरी कळशीवर नाव कोरत होता. मशीनची टर्रर्र चालू, आणि तोंडानं शीळ. इतकं सुखात कुणी असलं की मला त्या दिवशी चीड येत होती.

मी पिशवीतून एक ताट, एक वाटी आणि एक पेला काढून त्याच्यासमोर ठेवला.

“हे नाव तुम्ही घातलंय?”

त्यानं ताट उचललं, बाहीनं पुसलं, उजेडाकडं धरलं. चेहरा खुलला.

“व्हय! छान आलंय न्हवं? ही वेलांटी बघा, दोनदा घातलीया, दी-ला आणि ती-ला, पण दोन्ही एकसारख्या. गेल्या आठवड्यात एक काकू घेऊन आलत्या. म्हणाल्या, पुतणीचं नाव हाय, ठसठशीत घाला, लांबनं दिसलं पायजे. मी म्हटलं, किती कौतुक पुतणीचं!”

“मी ती पुतणी.”

“अरे वा! मग तर—”

“कौतुक नाही ते,” मी म्हणाले. “जयाकाकूच्या मुलाचं लग्न ठरलंय. घरात नवी सून येणार. तिनं चुकून माझ्या ताटात जेवू नये म्हणून माझं ताट वेगळं काढलंय. आज सकाळी बघितलं, तर माझ्या नावाची ही तीन भांडी खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून लांब.”

त्यानं मशीन बंद केलं. दुकानात एकदम पावसाचा आवाज ऐकू यायला लागला.

खरं तर अनोळखी माणसाला एवढं सांगायचं काही कारण नव्हतं. पण राग आला की माझं तोंड माझं ऐकत नाही. मी सांगूनच टाकलं. “माझी किडनी बदललीय. आईची किडनी आहे माझ्या पोटात. त्याआधी डायलिसिसवर होते, तेव्हा कधीतरी हेपटायटिस बी झाला. त्याची रोज एक गोळी असते. जन्मभर. ताटातनं, पेल्यातनं, एकत्र जेवल्यानं तो कुणाला होत नाही. रक्तातनं होतो. डॉक्टरांनी काकूला समोर बसवून सांगितलंय हे. कळलं?”

“कळलं.” त्यानं ताटावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, “पण... हे नाव आता जायचं न्हाय हो. रंग न्हाय, कोरलेलं हाय ते.”

“घालवायला कोण आलंय? ती रिक्षा बघा. घरातली सगळी भांडी आणलीत. सगळ्यांवर हेच नाव घाला. ठसठशीत. लांबनं दिसलं पाहिजे.”

“सगळ्यांवर?”

“सगळ्यांवर. मग हुडकू दे काकूला, माझं ताट कुठलं आणि तिचं कुठलं ते.”

त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असावं, पण ते त्यानं तिथंच दाबून धरलं.

“कुकरवर पण?”

“शिट्टीवर पण.”

मग मात्र त्याला राहवलं नाही. तो हसला... आणि माझ्या रागाला जरा कुठं भेग पडली. मी लगेच मान फिरवली.

त्यानं थर्मास उघडला, माझ्याच नावाचा तो पेला पुसला, झाकणात आणि त्यात चहा ओतला आणि स्वतःच्या तोंडाला लावला. माझं डोकं पुन्हा फिरलं.

“हे बघा, उपकार नकोत! माझ्या पेल्यातनं चहा पिऊन दाखवणारे शूरवीर मी पुष्कळ बघितलेत.”

“उपकार कशाचं? माझा पेला धुवायचा राहिलाय,” तो शांतपणे म्हणाला. “त्यो थर्मासच्या झाकणातला तुमचा. घ्या की... निवालाय.”

त्याचं नाव वृषभ. हे मला त्याच्या पाटीवरून कळलं, आणि माझं नाव तर त्याला पाठच झालं होतं.

*

भांडी काही एका दिवसात व्हायची नव्हती, हे मला मान्य. पण दिवसाला चार वाट्या आणि एक झारा, हा काय वेग झाला?

“मन लावून करालोय,” तो म्हणायचा. “घाईत नाव खराब हुतंय.”

“मग बाकीच्यांची कळशी तासाभरात कशी होते?”

“त्यांचं नाव सोपं असतंय.”

मी रोज संध्याकाळी झालेली भांडी न्यायला जायची. कन्नडमधले सरकारी कागद लोकांना मराठीत करून देणं आणि लोकांचे मराठी अर्ज कन्नडमध्ये करणं हा माझा उद्योग. माझी कामाची खोली त्याच्या दुकानापासून चार पावलांवर, त्यामुळं वाकडी वाट करावी लागते असंही म्हणता यायचं नाही. हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. वाटीच्या नावाशेजारी एक बारीक फूल दिसायला लागलं. मी विचारलं तर म्हणे, मशीन घसरलं. पाच पाकळ्यांचं घसरलं?

घरी मात्र धमाल उडाली होती. काकू एकेक भांडं उलटंपालटं करून बघायची. “उचटण्यावर पण? अगं, चिमट्यावर पण?” ती रडायच्या बेतात होती. माझे वडील, आण्णा, एरवी भावजयीसमोर चकार शब्द काढत नाहीत. पण त्या दिवशी जेवताना म्हणाले, “ज्याच्यावर नाव न्हाय असं एकादं सापडलं तर मला दे गं, मी वेगळा बसतो.” आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, हे मला नक्की ठाऊक आहे.

माझं खरं भांडण होतं ते एका शब्दाशी. कावीळ! मी कितीही वेळा हेपटायटिस बी म्हणाले तरी ऐकणाऱ्याच्या कानात कावीळच शिरते. आणि कावीळ म्हटलं की ज्याच्या-त्याच्याकडे औषध तयार. कुणी म्हणणार, खानापूरकडं एक जण माळ देतो, ती गळ्यात लांब होत गेली की कावीळ उतरते. कुणी झाडपाला वाटून आणणार. किडनी बदललेल्या माणसानं असला पाला खाल्ला तर काय होईल, याची काळजी कुणाला? मला रोज शब्दांवरच पोट भरायचं असतं, म्हणून असेल, पण चुकीचा शब्द एखाद्याच्या नशिबाला असा चिकटला की माझ्या अंगाची लाही होते.

वृषभ हे सगळं ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. मला वाटायचं, ह्याला तरी कळलंय.

*

बेळगावला तपासणीला जायची वेळ आली, तर म्हणाला, “मला पण माल आणायला जायचाय. टेम्पोतनं चल की.”

“टेम्पोत? मी काय पातेलं आहे?”

“पातेल्याला मी मागं टाकतो. तू पुढं बसणार.”

येताना काकतीजवळ चहाला थांबलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, काचेवरचं वायपर एकाच बाजूचं चालत होतं, आणि नेमकी माझी बाजू बंद. तो उतरून माझ्या बाजूची काच रुमालानं पुसून आला. का, कशाला... विचारलं नाही. तेवढ्यात मोबाइलवर रिपोर्ट आला. मी वाचला आणि इतक्या महिन्यांचा अडकलेला श्वास सुटला.

“काय लिवलंय?” तो वाकून बघायला लागला. त्याच्या केसातलं पाणी माझ्या मनगटावर पडलं.

“रक्तात व्हायरस सापडला नाही. छान आहे रिपोर्ट.”

“सापडला न्हाय?”

“नाही.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही बोलावंसंच वाटलं नाही. तो चहाच्या टपरीपलीकडच्या मिठाईच्या दुकानात गेला आणि कुंद्याचे दोन डबे घेऊन आला. एक माझ्या मांडीवर ठेवला.

“आणि दुसरा?”

“आईला.” मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, “दीप्ती... घरात बोलू काय?”

“काय बोलणार?”

“चांगली बातमी हाय म्हणून सांगतो.”

मी गालातल्या गालात हसले असेन. कोणती बातमी, हे तेव्हा विचारायला हवं होतं. पण बाहेर पाऊस, आत कुंद्याचा वास आणि तो तसा बघतोय... अशा वेळी कोण शब्दांचा कीस पाडत बसतं?

*

पुढच्या रविवारी वृषभची आई आमच्याकडे आली. मंगलमावशी. ठसठशीत कुंकू, हातात नारळ आणि ओटीचं सामान. वृषभ मागं, इस्त्रीचा शर्ट घालून, कान लाल झालेले. काकूनं स्वतः पोहे केले, आणि ते माझ्या नावाच्या बशीतून दिले, कारण दुसरी बशीच नव्हती.

“लई बरं वाटलं बघा,” मंगलमावशी म्हणाल्या. “वृषभनं सांगितलं, पोरीची कावीळ उतरली म्हणून. रिपोर्टात पण काय राहिलं न्हाय म्हणं. आता त्या गोळ्या बंद झाल्या असतील न्हवं? आमच्यात चार माणसं विचारत्यात, म्हणून आपलं...”

मी वृषभकडं बघितलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

“बंदच की!” काकू घाईघाईनं म्हणाली. “कावीळ उतरल्यावर गोळी कशाला?”

आण्णांनी पोह्यांत चमचा फिरवला. आई दाराशी उभी होती, तिचा हात कुशीवर होता, जिथून तिची किडनी काढली तिथं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच! गप्प बसले असते तर ओटी भरली जाणार होती, आणि ज्याच्या शिळेसाठी मी रोज संध्याकाळची वाट बघायची, तो माझा होणार होता.

“मावशी,” मी म्हणाले, “मी बरी झालेली नाही.”

“दीप्ती!” काकू.

“थांब काकू. मावशी, ती कावीळ नाही. ती उतरत नसते. रोजच्या गोळीनं व्हायरस दबून बसलाय, म्हणून रिपोर्टात सापडत नाही. नवी किडनी अंगानं नाकारू नये म्हणून माझी रोगाशी लढायची ताकद आधीच औषधानं कमी करून ठेवलीय. उद्या ही गोळी बंद केली तर तो उठणार आणि माझं लिव्हर खाणार. आईनं पोट फाडून किडनी दिलीय मला. ती मी चार माणसांच्या विचारण्यापायी मातीत घालायची? गोळी चालू आहे. चालूच राहणार. लग्नात, लग्नानंतर, म्हातारी होईपर्यंत.”

मंगलमावशींनी बशी खाली ठेवली. नारळ परत पिशवीत घातला. “आमास्नी असं सांगितलं न्हवतं,” एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

वृषभला मी अंगणात गाठलं.

“तू सांगितलंस बरी झाली म्हणून?”

“तूच म्हणालीस की, सापडला न्हाय!”

“तुझ्या दुकानातला उंदीर दिवसा सापडत नाही, म्हणून पिंजरा उचलून ठेवतोस?”

“मला काय म्हाईत गं! मला लई आनंद झाला...” त्याचा आवाज खाली आला. “आणि आज एवढं गप बसली असतीस तर काय झालं असतं? लग्नापुरतं. मागनं सांगितलं असतं आईला.”

तेवढं एक वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

“लग्नापुरतं?” माझा आवाज गल्लीभर गेला असेल. “आणि मग रोजची गोळी कुठं घेऊ? न्हाणीत लपून? चोरी केलीय का मी? आजारी पडले, जगले, तरी मीच लाजायचं? माझ्या काकूनं निदान ताट उघड्यावर ठेवलं होतं रे. तू तर मलाच लपवायला निघालास.”

मी दार लावून घेतलं. आणि मग दारालाच पाठ लावून रडले. रागानं रडले, हे आधीच सांगून ठेवते.

*

दुकानावरून जाणं बंद केलं. चार पावलांची वाट टाळायला मी अख्ख्या बाजाराला वळसा घालायला लागले. कुकरची शिट्टी तेवढी त्याच्याकडं राहिली होती, त्यामुळं घरात भात पातेल्यात शिजत होता आणि काकू रोज माझ्याकडं बघून सुस्कारे टाकत होती. मला त्याची आठवण येत नव्हती. फक्त कुठं मशीनची टर्रर्र ऐकू आली की हातातलं वाक्य अर्धवट राहायचं, कन्नडमधलं काय आणि मराठीतलं काय.

पाऊस सरत आला तेव्हा एका दुपारी तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. डावा दंड उजव्या हातानं धरलेला.

“शिट्टी आणलीया,” त्यानं ती टेबलावर ठेवली. एवढ्याशा शिट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘दीप्ती’ होतं.

“दंडाला काय झालं?”

“टोचून घेतलंय. लस. बेळगावला तुझ्या डॉक्टरास्नी भेटून आलो. तिनातली पयली झाली. तिन्ही झाल्यावर रक्त तपासायचं, मग तुझ्यापास्नं मला काय भ्या न्हाय म्हणालं.”

“उपकार?” मी विचारलं. पण आवाजात नेहमीची धार येईना.

“न्हाय गं. माझा दंड, माझी लस.” तो खाली बघत होता. “त्या दिवशी मी चुकलो. तू बरी झालीस म्हणून मला तू पायजेस असं न्हाय... तू पायजेस. गोळीसकट. हे कसं बोलायचं ते कळंना, म्हणून एवढं दिवस आलो न्हाय. लई आवडतीस तू मला, दीप्ती. भांडतीस तवा तर जास्तच.”

मी खिडकीकडं तोंड केलं. डोळ्यांचं काय करायचं ते कळेना.

“आणि आई?”

“आईनं चहाला बोलवलंय. आत्ता.”

*

मी गेले. भांडायच्या तयारीनंच गेले. वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

मंगलमावशींनी फारसं काही न बोलता चहा पुढं केला. स्टीलचा पेला. आता माझी सवयच झाली होती, मी पेला उचलून आधी बूड बघितलं.

त्यावर नाव होतं. ‘दीप्ती’.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. इथंही! अजून उंबऱ्याच्या आत धड बसलेही नाही, तोवर माझा पेला वेगळा? मी तो खाली ठेवला आणि उठले.

“बस खाली!” मंगलमावशी ओरडल्या. “आधी माझा बघ.”

त्यांनी स्वतःचा पेला तिरका केला. दीप्ती. मग त्यांनी मांडणीवरचं एकेक भांडं माझ्यासमोर आदळायला सुरुवात केली. ताट. दीप्ती. तांब्या. दीप्ती. किसणी, झाकण्या, पुरणयंत्र, सगळ्यांवर दोन एकसारख्या वेलांट्या आणि शेजारी पाच पाकळ्यांचं फूल.

“मी लेकीकडं गेलते. तेवढ्यात ह्यानं हे करून ठेवलंय! माझ्या माहेरची परात, माझ्या आईचं नाव होतं गं त्यावर, त्याच्या शेजारी पण घातलंय मेल्यानं. आता घरात तुझं नसलेलं एक भांडं असंल तर शप्पथ. तुला वेगळं तरी कशात वाढू मी?”

मला हसू यायला लागलं. दाराशी वृषभ छताकडं बघत उभा होता.

“हसतीस काय? आणि मला काय म्हणाला म्हाईत हाय? म्हणाला, आई, तू तुझी बीपीची गोळी बंद कर, मग मी तिचा नाद सोडतो. मी म्हटलं, मुडद्या, जीव घेतोस काय माझा!” त्या थांबल्या. पदरानं उगाच परात पुसली. “मग माझं मलाच ऐकू आलं. लगीन होऊन आल्यापास्नं गोळी खातोय मी. सासूनं एकदा तरी विचारलं असतं, बंद कधी करणार म्हणून, तर सोसलं असतं काय मला?”

वाटेत जुळवलेली वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक.

“दिवस मावळल्यावर घ्यायची असती न्हवं तुझी गोळी? आमच्यात, जैनात, त्या वेळंला पाण्याचा घोट घेत न्हाईत,” मावशी म्हणाल्या. “पण औषधाला चालतंय. मी देवळात विचारून आलोय. फ्रीजवर ठेव, समोर. विसरलीस तर मी हाक मारीन. लपवायची न्हाय.”

वृषभ पुढं आला. खिशातून त्यानं एक चपटी स्टीलची डबी काढली. गोळ्यांचं पाकीट आडवं मावेल एवढी. कोरी करकरीत.

“एवढं एकच राहिलंय,” तो म्हणाला. “ह्यावर काय घालू?”

मी डबी हातात घेतली. झाकण उघडलं, लावलं. ही रोज माझ्या हातात येणार होती, म्हातारी होईपर्यंत.

“ह्यावर माझं नको,” मी म्हणाले. “वृषभ घाल.”

भांड्यांसाठी घरी आणून ठेवलेलं मशीन त्यानं सुरू केलं. इतक्या भांड्यांवर माझं नाव न चुकता घालणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं नाव तेवढं जमलं नाही, ‘वृ’ वाकडा आला. तो पुसता येत नाही. मला तो पुसायचाही नाही.